गोलांची वंशावळ

जगात झालेल्या प्रत्येक गोलाला आईबाप असतात, ही गोष्ट माझ्या मामाजींच्या आधी कोणाच्याही ध्यानात आलेली नव्हती. फुटबॉल खेळणारे खेळत होते, बघणारे बघत होते, चेंडू दोन खांबांमधून पलीकडे जात होता, लोक टोप्या उडवत होते आणि घरी जाऊन जेवत होते. पण तो गोल कोणाच्या पोटी आला, त्याचा आजा कोण, तो औरस की दत्तक, याची कोठेही नोंद होत नव्हती. एवढी अनागोंदी चालू असताना माणसे स्वस्थ कशी बसतात, हे मामाजींना समजत नसे. मध्यप्रांतातल्या एका शहरापुरती तरी त्यांनी ती थांबवली.

मामाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नागपूरकडून आलेल्या आमच्या घरांत आत्याच्या यजमानांना मामाजी म्हणण्याची रीत आहे. ते जबलपूरच्या कचेरीत नकलनवीस होते. मूळ कागदाची हुबेहूब नक्कल करून द्यायची, स्वतःचे काही घालायचे नाही आणि मूळचे काही गाळायचे नाही, एवढेच त्यांचे काम, आणि ते त्यांच्या हाडात मुरले होते. मूळ कागदावर शाईचा डाग असला तर ते नकलेत त्या जागी चौकोन करून 'येथे डाग आहे' असे लिहीत. एका साहेबाने याचा खुलासा मागितला तेव्हा मामाजी म्हणाले, "हुजूर, दाग भी रिकॉर्ड का हिस्सा है." साहेबाने पुन्हा काही विचारले नाही. त्यांच्या नकला बाकीच्यांच्या नकलांपेक्षा दुप्पट वेळ घेत आणि त्यांविषयी कधी तक्रार येत नसे.

फुटबॉल त्यांच्या आयुष्यात उशिरा आला, आणि तो नर्मदेवरच्या ग्वारीघाटाच्या वाटेने आला. मामाजींचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले होते. नेमके कोणत्या गावाहून, यावरून भाऊबंदांत वाद झाला. त्याचा निकाल लावायला मामाजी ग्वारीघाटावर आपल्या कुळाच्या पंड्याकडे गेले. पंड्याने लाल कापडात बांधलेली लांबलचक वही सोडली आणि मामाजींच्या सात पिढ्या एका दमात वाचून दाखवल्या. कोण कोणाचा, कोण दत्तक, कोण निपुत्रिक गेला, सगळे. मामाजी भारावून परतले. वाटेत मैदानावर गर्दी दिसली म्हणून थांबले. तो त्यांनी पाहिलेला पहिला सामना. शेजारच्या माणसाला त्यांनी विचारले, "आज तक कितने गोल हुए होंगे?" तो म्हणाला, "कौन गिनता है, पंडितजी." दुसऱ्या दिवशी मामाजींनी बाजारातून लाल कापडाची वही आणली.

त्या सामन्यात खेळणारा एक क्लब विडी कारखान्याच्या शेठजींचा होता. अकराही खेळाडू पगारी होते आणि हजेरीपटावर त्यांचा हुद्दा 'विडी तपासनीस' असा होता. त्यांच्यातल्या कोणी कधी विडी तपासली नाही. ओढल्या मात्र पुष्कळ. त्यांच्या प्रत्येक गोलाची नोंद मामाजी पंड्याच्या पद्धतीने करू लागले. ज्याने गोल मारला तो बाप, ज्याने त्याच्याकडे चेंडू दिला ती आई, आणि त्याच्या आधी ज्याच्या पायातून चेंडू निघाला तो आजा. विरुद्ध बाजूच्या खेळाडूने चुकून स्वतःच्याच गोलात चेंडू घातला तर तो दत्तक. पेनल्टीचा गोल सरकारी देणगी. रेफरीने नाकारलेला पण लोकांनी मान्य केलेला तो अनौरस. त्याची नोंद असे, पण समासात. आणि ज्या सामन्यात एकही गोल झाला नाही, त्या पानावर फक्त 'निपुत्रिक' एवढा एकच शब्द असे. असे पान लिहिले की मामाजी त्या दिवशी गोड खात नसत.

या पद्धतीमुळे क्लबात एकदाच मोठी कुरबुर झाली. उजव्या बाजूला खेळणारा एक खेळाडू पूर्वी पलटणीत होता आणि त्याच्या मिशा खांद्यांच्या रेषेपर्यंत पोचत. आपले नाव वहीत कसे आहे हे त्याला कोणीतरी सांगितले. तो दीक्षितपुऱ्यात मामाजींच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. मी तेथे होतो.

"पंडितजी, सुना है आपने हमको माँ लिखा है."

"लिखा है."

"किसकी?"

"सेंटर फॉरवर्ड के इस साल के सब गोलों की."

त्याने मिशांना पीळ दिला. मग म्हणाला, "हमारी मूँछें देखी हैं आपने?"

"मूँछ का कॉलम वही में नहीं है," मामाजी म्हणाले. "और बाप का क्या है, भैया. एक लात मारी और चल दिया. पेट में तो माँ ने रखा."

त्याने यावर विचार केला आणि तो निघून गेला. पुढच्या सामन्यापासून खेळ संपला की तो आधी मामाजींकडे येई आणि हळू आवाजात विचारी, "आज कितने हुए हमारे?"

गोलांपुरतीच वही असती तर ती आटोपशीर राहिली असती. पण मामाजींच्या मते खेळात जे घडते ते सगळे खेळच असते. चेंडू मैदानाशेजारच्या ओमती नाल्यात कोणी किती वेळा घालवला, याचे स्वतंत्र पान होते आणि त्यातला पहिला क्रमांक अनेक वर्षे एकाच गोलकीपरकडे होता. गाय मैदानात आल्यामुळे थांबलेले सामने आणि साहेबाचा कुत्रा मैदानात आल्यामुळे थांबलेले सामने, यांचे रकाने वेगळे होते; कारण गाईला हाकलता येते आणि साहेबाच्या कुत्र्याची वाट पाहावी लागते, असा खुलासा खाली होता. सामन्याचा निकाल विचारणाऱ्या माणसाला मामाजी कधी नुसते दोन आकडे सांगत नसत. "क्या रहा, पंडितजी?" असे कोणी सहज विचारले की ते पहिल्या गोलाच्या आज्यापासून सुरुवात करीत. दुसरा गोल जन्माला येईपर्यंत विचारणाऱ्याच्या हातातली भाजी सुकलेली असे. सामन्याच्या संध्याकाळी दीक्षितपुऱ्यातली शहाणी माणसे मागच्या गल्लीने घरी जात.

आत्या या सगळ्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करी, पण बोलल्याशिवाय राहत नसे. "लोकांच्या लाथा लिहून राहिले," ती मला ऐकवून म्हणे. "घरातलं पीठ कालच संपलं, ते कोणत्या पानावर लिहिलं, विचार त्यांना."

मामाजी मान वर न करता म्हणत, "पीठ संपताना मी पाहिलं नाही."

हे ते थट्टेने म्हणत नसत. वहीचा एकच मोठा नियम होता आणि तो पहिल्या पानावर लिहिलेला होता: स्वतः पाहिल्याशिवाय नोंद नाही. प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'पाहणार: खुद्द' असे शब्द असत. एकदा ऐन वेळी मामाजींच्या डोळ्यात चिलट गेले. ते डोळा चोळत असताना गोल झाला, क्लब जिंकला, गावात मिठाई वाटली गेली. मामाजींच्या वहीत तो सामना बरोबरीत आहे. शेठजी स्वतः त्यांना समजवायला आले. "पंडितजी, पूरे शहर ने देखा है." मामाजी म्हणाले, "तो शहर लिखे, शेठजी. मैं अपनी आँख से बाहर नहीं जाता." नकलेत जे मुळात नाही ते कसे घालणार, हा त्यांचा साधा सवाल होता. शेठजींना तो पटला नाही, पण त्या दिवसापासून वहीवरचा त्यांचा विश्वास वाढला. आणि दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला, दुकानाच्या वह्यांबरोबर मामाजींच्या वहीचीही पूजा झाल्यावर, कारखान्याच्या अंगणात ती मोठ्याने वाचण्याचा प्रघात त्यांनी घातला.

या वाचनाला खेळाडूंच्या घरचे सगळे येत. लांबलांबच्या खेड्यांतून बैलगाड्या येत. मामाजी मराठीत लिहिलेली वही हिंदीतून वाचीत. प्रत्येक गोलाबरोबर बापाचे, आईचे, आज्याचे नाव येई आणि ते नाव आले की त्या घरची माणसे इकडेतिकडे पाहत. शहरातल्या एका साप्ताहिकात मी सामन्यांच्या बातम्या छापत होतो, पण खेळाडूंना त्यांचे काही वाटत नसे. छापलेल्या कागदात दुसऱ्या दिवशी भजी बांधून मिळत. वहीतून नाव वाचले गेले, की गोल झाला.

दुर्जनचे नाव वहीत कधी आले नव्हते. दुर्जन कुंडमकडचा. आधीची मुले जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये अशा बेताने घरच्यांनी हे नाव ठेवलेले. स्वभाव गाईचा होता. तो फुलबॅक होता, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभे राहून विरुद्ध बाजूचा चेंडू परतवायचा आणि जमल्यास माणूसही परतवायचा. हे काम त्याने वर्षानुवर्षे उत्तम केले. पण मामाजींच्या पद्धतीत न झालेल्या गोलाला वंश नव्हता, त्यामुळे ज्याच्यामुळे तो झाला नाही त्यालाही जागा नव्हती. दुर्जन ना बाप, ना आई, ना आजा. त्याचा सासरा दर पाडव्याला कुंडमहून येई, अंगणात पुढे बसे, कानाला हात लावून अखेरपर्यंत ऐके आणि परत जाताना जावयाला एकच प्रश्न विचारी, "तू यहाँ करता क्या है?"  सासऱ्याचे मत होते की जावई शहरात विड्याच वळतो आणि फुटबॉलची थाप मारतो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मोठ्या कपाचा अंतिम सामना छावणीतल्या गोऱ्या पलटणीशी ठरला. त्याच्या चार दिवस आधी मामाजींच्या घरी सागरहून कोपरा फाडलेले कार्ड आले. कोपरा फाडलेला म्हणजे वाचण्याआधीच अर्थ कळला. मामाजींचे सख्खे चुलत भाऊ वारले होते. आत्याने अंगणात उभे राहून मोठ्याने रडून घेतले, कार्ड फाडून टाकले, सगळ्यांनी आंघोळी केल्या आणि घराला दहा दिवसांचे सुतक लागले. मामाजी कचेरीत जात होते. कचेरीला सुतक चालते. वहीला चालत नव्हते, कारण तिची दर पाडव्याला पूजा झालेली. ती फडताळात बंद झाली. सामन्याला जाण्याचा प्रश्नच नव्हता. भाऊ गेला असताना माणूस तमाशे पाहत फिरतो, असे भाऊबंदांनी म्हटले असते. शेठजींनी निरोप पाठवला तर मामाजींनी उत्तर दिले, "आठवडाभर पुढे ढकला." पलटण एका नकलनवीसाच्या सुतकासाठी थांबायला तयार झाली नाही.

सामना मी पाहिला. गोरे बूट घालून खेळत होते, आपले अनवाणी. खेळ संपत आला तरी एक-एक अशी बरोबरी होती. तेवढ्यात दुर्जनच्या गुडघ्यावर एक बूट बसला. त्याला उभे राहता येत होते, धावता येत नव्हते. बदली माणूस घेण्याची तेव्हा पद्धत नव्हती. मागे ठेवावा तर वाटेत येतो, म्हणून कप्तानाने त्याला लंगडत पुढे, गोऱ्यांच्या गोलाजवळ, नेऊन उभे केले. मोडका नांगर बांधाला लावून ठेवतात तसा. शेवटच्या मिनिटांत कॉर्नर मिळाला, गोलासमोर धूळ आणि माणसे यांचा एकच गोळा झाला आणि चेंडू आत गेला. सगळ्यांनी दुर्जनला उचलले. साप्ताहिकात मी छापले की दुर्जनने विजेसारखा फटका मारून विजय खेचून आणला.

दुसऱ्या दिवसापासून दुर्जन रोज दीक्षितपुऱ्यात येऊ लागला. घराला सुतक म्हणून तो ओट्याच्या खाली, रस्त्यावर, काठी टेकून उभा राही. डॉक्टरने त्याला सांगितले होते की गुडघा आता खेळण्याचा नाही. पाडव्यानंतर तो कायमचा कुंडमला जाणार होता. म्हणजे त्याच्यासाठी हे शेवटचे वाचन होते, आणि सासरा येणार होता.

"पंडितजी, मेरा लिख देते."

"सूतक है."

"सूतक तो उतर जाएगा."

"उतर जाएगा. पर मैंने देखा नहीं है, भैया."

हा संवाद चार-पाच दिवस जसाच्या तसा झाला. सहाव्या दिवशी दुर्जन उरलेल्या दहाही खेळाडूंना घेऊन आला. मामाजी कचेरीतले असल्यामुळे जबानी या गोष्टीला नाही म्हणू शकले नाहीत. वहीला हात न लावता त्यांनी सुट्या कागदांवर एकेकाची जबानी घेतली. गोलकीपर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याने सांगितले की गोल डोक्याने झाला. एकाने डावा पाय सांगितला, एकाने उजवा. एकाच्या मते चेंडू दुर्जनच्या पाठीला लागला. सेंटर फॉरवर्ड म्हणाला, "सच कहूँ तो वो मेरा था, पर ले ले बेचारा." मिशीवाला म्हणाला, "कॉर्नर हमने मारा था. माँ हम हैं, इतना पक्का है. बाप जो चाहे लिख लो."

मग मामाजी माझ्याकडे वळले. "तू छापलंस ना? विजेसारखा फटका. तू पाहिलास?"

मला खरे सांगावे लागले. त्या क्षणी मी पेन्सिलीला टोक करत होतो. फटका कसा होता हे मी शेजारच्या माणसाला विचारले होते आणि वीज माझी होती.

"म्हणजे हाही गेला," असे म्हणून मामाजींनी माझ्या नावावर काट मारली. मग त्यांनी कागद एकत्र लावले. "इन बयानों से तो चार गोल बनते हैं, और एक किसी और का. कौन सा लिखूँ?" आणि दुर्जनला विचारले, "तू बता. किससे मारा?"

दुर्जन खाली पाहत राहिला. "पता नहीं, पंडितजी," तो म्हणाला. "हुआ था."

मामाजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि कागद गुंडाळले.

सुतक फिटल्यावर तीन दिवसांनी सागरहून दुसरे कार्ड आले. त्याचे चारही कोपरे शाबूत होते आणि अक्षर वारलेल्या भावाचे होते. त्यांनी लिहिले होते की त्या दिवशी गच्चीवर धोतर वाळत घालत असताना डोक्यावर कावळा बसला. आमच्या लोकांत समजूत अशी की ज्याच्या डोक्यावर कावळा बसला त्याचे मरण जवळ आले. ते टाळायचे तर तो मेल्याची खोटी बातमी नातलगांना कळवायची. त्यांनी खरोखर रडले पाहिजे, म्हणून आधी खरे सांगायचे नाही. नातलग रडले की मरण झाले असे धरले जाते आणि माणूस वाचतो. भावाने हे सगळे यथासांग केले होते आणि खाली विचारले होते, 'वहिनी रडल्या ना?'

"रडले," आत्या कार्डाला म्हणाली. "शेजारच्या तिघी बोलावून रडले. आता माझे रडणे वापस करा म्हणा." पण तिला बरे वाटले होते. मामाजींना वाटलेले दिसले नाही. कार्ड वाचून त्यांनी ते दोनदा उलटेसुलटे केले आणि भिंतीकडे पाहत बसले.

ही बातमी दुर्जनला आत्यानेच दिली. त्याने ती मन लावून ऐकली, दोनदा समजावून घेतली आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओट्याच्या पायरीवर चढला.

"पंडितजी, सूतक झूठा निकला."

"हाँ."

"तो गोल सच्चा हुआ."

 'मैंने देखा नहीं है' हे नेहमीचे वाक्य मामाजी या वेळी बोलले नाहीत. ते उठून आत गेले.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल आत्याने मला सांगितले ते असे. "भाऊ जिवंत निघाला तर माणूस पेढे वाटते. हे काहून तोंड पाडून बसून राहिले, मला समजून नाही राहिलं. चकली केली, हात नाही लावला. फडताळ उघडतात, वही काढतात, पुन्हा ठेवून देतात. मी म्हटलं, अहो, तो गरीब माणूस रोज लंगडत येते, लिहून टाका ना एक ओळ, कोणाचं काय जाते. तर म्हणतात, माझं जाते."

पाडव्याला कारखान्याचे अंगण भरले. शेठजी लोडाला टेकून बसले होते, बायका एका बाजूला होत्या आणि त्यांत आत्या होती. दुर्जनचा सासरा नेहमीप्रमाणे पुढे, कानाला हात लावून. मामाजींनी वर्षाचे सगळे गोल वाचले. मिशीवाल्याच्या घरची माणसे पुष्कळ वेळा इकडेतिकडे पाहून झाली. अंतिम सामन्याचे पान आले. ते कोरे असणार हे सगळ्यांना माहीत होते, आणि दुर्जन उठून दाराकडे निघाला होता. मामाजींनी घसा साफ केला आणि ते वाचू लागले. पान कोरे नव्हते. पहिला गोल कोणाचा, दुसरा कोणाचा, हे वाचून झाले आणि तिसऱ्याची नोंद आली. ती मी नंतर वहीत पाहिली. ती अशी आहे:

'बाप: दुर्जन, राहणार कुंडम. आई: कॉर्नर मारणार. आजा: नाही. चेंडू वरून येत असता बापाने दोन्ही डोळे गच्च मिटले, मान खांद्यांत घेतली आणि दुखरा पाय अंगाशी ओढला. चेंडू त्याच गुडघ्याला लागून गोलकीपरच्या दोन बुटांमधून आत गेला. गोल झाल्याचे बापाला लोकांच्या ओरडण्यावरून कळले. पाहणार: खुद्द. ठिकाण: गोलाच्या मागे दहा पावलांवर, शेठजींची तेंदूपत्त्याची गाडी उभी होती तीत, पोत्यांच्या मध्ये. पाहणाऱ्यास त्या वेळी सुतक होते. ते खोटे असल्याचे पाहणाऱ्यास माहीत नव्हते.'

मामाजींनी हे शब्दन् शब्द हिंदीतून वाचले, आवाज न बदलता, आणि वही मिटली.  सुतक असताना, भाऊ गेला असे समजत असताना, पोत्यांत लपून सामना पाहिल्याचे एका पापभीरू माणसाने चारशे लोकांसमोर स्वतःहून सांगितले होते, आणि त्यात त्यांचे भाऊबंदही होते. आत्याने पदर तोंडाला लावला. ती शेजारणीला म्हणाली, "तरीच धोतराला पत्त्याचा वास येऊन राहिला होता. मला वाटलं, विडी ओढून राहिले."

दुर्जन दारातून परत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. सगळ्या मैदानात जे कोणाला दिसले नाही ते फक्त गोलाच्या मागून दिसण्यासारखे होते, आणि ते त्याने कोणालाही सांगितले नव्हते. फुलबॅकने चेंडूसमोर डोळे मिटणे ही सांगायची गोष्ट नव्हे. तो मामाजींजवळ वाकून हळू म्हणाला, "पंडितजी, आँख वाली बात काट नहीं सकते?"

"काट दूँ," मामाजी म्हणाले, "तो गोल भी कटेगा."

तेवढ्यात सासऱ्याने कानावरचा हात काढला. "आँख मूँद के मारा?" त्याने विचारले.

"हाँ," मामाजी म्हणाले.

म्हाताऱ्याने जावयाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "तो फिर यही है," तो म्हणाला. "खेत में हल भी ऐसे ही चलाता है." मग त्याने सरकून आपल्याशेजारी जागा केली, आणि दुर्जन गुडघा लांब करून तेथे बसला. माझ्या विजेच्या फटक्यावर त्या म्हाताऱ्याने कधीही विश्वास ठेवला नसता.

दुर्जन कुंडमला गेला तेव्हा मामाजींनी त्याला त्या नोंदीची नक्कल करून दिली, कचेरीच्या रिवाजाप्रमाणे, खाली सही घालून. दुर्जनला वाचता येत नव्हते. त्याने कोणती ओळ कोठे आहे एवढे बोटाने विचारून घेतले, आणि डोळ्यांची ओळ आत राहील अशी घडी घातली.

भाऊबंदांनी प्रकरण फारसे ताणले नाही. भाऊ जिवंत होता. ग्वारीघाटाच्या पंड्याने सांगितले की नर्मदेत एक बुडी पुरे. मामाजींनी बुडी मारली, पण त्यांचे समाधान झाले नाही. "सुतक खोटं होतं," ते मला म्हणाले, "पण मी मोडलं ते खरं मोडलं." त्यांनी स्वतःला एक पूर्ण हंगाम सामने न पाहण्याची शिक्षा दिली. शेठजींनी रदबदली केली, मिशीवाला दोनदा येऊन गेला, उपयोग झाला नाही.

त्या हंगामात सामन्याच्या दिवशी मामाजी ओट्यावर बसून असत. वारा तिकडचा असला तर मैदानावरचा गलका दीक्षितपुऱ्यापर्यंत येई. तो आला की ते मान वर करीत आणि थोड्या वेळाने खाली घालीत. संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाई. ते विचारीत नसत, पण मी सांगे. कोणी मारला, कोणी दिला, आधी चेंडू कोणाकडे होता, जेवढे दिसले तेवढे. त्या वर्षी मी पेन्सिलीला आधीच टोक करून जात होतो. मामाजी सगळे ऐकून घेत आणि म्हणत, "असेल." पुढल्या पाडव्याला कोऱ्या पानांची पूजा झाली आणि वाचायला काही नसल्यामुळे लोक लवकर घरी गेले. क्लबने त्या वर्षी किती गोल केले हे मला बरोबर ठाऊक आहे, मी ते एकेक करून छापले आहेत. पण ते झाले, असे मला अजूनही वाटत नाही.